भूल देण्याआधी पोटाची सोनोग्राफी

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी इस्पितळातून 'त्सोम' पाळायला सांगतात. हा शब्द ऐकला की आपल्यापैकी काहींना योम किप्पूर आठवतो आणि पाण्याचा थेंबही ते घेत नाहीत. काहींना भारतातल्या शेजाऱ्यांचा उपास आठवतो. ते सकाळी दुधाचा चहा घेऊन 'काही खाल्लं नाही' असे सांगतात. इस्पितळाचा त्सोम या दोहोंहून वेगळा आहे. सर्वसाधारण नियम असा: हलक्या खाण्यानंतर ६ तास, नारळाच्या दुधातल्या मटणासारख्या जड जेवणानंतर ८ तास, साधे पाणी मात्र २ तास आधीपर्यंत चालते. दुधाचा चहा पाण्यात नव्हे, खाण्यात धरतात. आपल्याला दिलेली सूचना वेगळी असेल तर तीच पाळावी.

हे सारे कशासाठी? भूल चढली की ठसका लागत नाही. पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात उतरले तर जिवावर बेतते. न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये बाळंतिणींच्या बाबतीत हा धोका सविस्तर मांडला.

पण पोट घड्याळ पाहून रिकामे होत नाही. जुना मधुमेह, पडून हाड मोडल्यावरच्या वेदना, कडक वेदनाशामक औषधे, ओझेम्पिकसारखी इंजेक्शने यांमुळे अन्न तासन्‌तास पोटात रेंगाळू शकते. अशा वेळी भूल देणारे डॉक्टर, ज्यांना इथे आपण 'मर्दीम' म्हणतो, सोनोग्राफीने पोट पाहू शकतात.

रोग्याला उजव्या कुशीवर वळवतात, कारण त्या बाजूला पोटातला ऐवज जठराच्या खालच्या टोकाशी जमतो. छातीच्या हाडाखाली जेल लावून यंत्र फिरवतात. दुखत नाही, क्ष-किरण नसतात, काही मिनिटांत काम होते. रिकामे जठर पडद्यावर लहान, गोल दिसते; पाणी काळे दिसते; अन्न दाट, करडे. पाणीच असेल तर ते किती, याचाही अंदाज बांधतात. वजनाच्या दर किलोमागे दीड मिलिलिटरपर्यंत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९० मिलिलिटरपर्यंत, चिंतेचे कारण सहसा नसते.

अन्न दिसले तर ऑपरेशन पुढे ढकलतात. थांबणे शक्य नसेल तर भूल देताच झटपट श्वासनलिकेत नळी घालून फुप्फुसे सुरक्षित करतात, किंवा जमल्यास तेवढाच भाग बधिर करतात.

ही तपासणी सगळीकडे, प्रत्येकाची होत नाही. म्हणून आपले खरे सांगणे हीच पहिली तपासणी. शेवटचा घास कधी घेतला, चहात दूध होते का, कोणती इंजेक्शने चालू आहेत, सारे मर्दीमला सांगावे. हिब्रू अडत असेल तर मुला-नातवंडांकडून एका कागदावर लिहून घ्यावे. औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. चुकून काही खाल्ले असेल तर संकोच नको. ऑपरेशन एक दिवस लांबले तरी चालेल, पण पोटातले अन्न लपवून टेबलावर जाऊ नये.