मुक्त व्यवसायातील तोंडी व लेखी करार

मुक्त व्यवसायातील करार म्हणजे नोकरीत नसलेल्या व्यावसायिकाने ठरावीक काम ठरावीक मोबदल्यात करून देण्याविषयी ग्राहकाशी केलेला करार होय. अनुवादक, मुद्रितशोधक, चित्रकार, छायाचित्रकार आदींची अनेक कामे फोनवरील बोलण्यावरच ठरतात. असा तोंडी करार कायद्यापुढे टिकत नाही, हा समज चुकीचा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १० नुसार सक्षम व्यक्तींनी मुक्त संमतीने आणि कायदेशीर प्रतिफल व उद्दिष्टासाठी केलेला करार वैध असतो. अन्य कायद्याची तशी अट नसल्यास तो लेखी असण्याची गरज नसते.

पुरावा

अडचण येते ती सिद्ध करण्याची. समजा, रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील करंजा येथील अनुवादकाने मुंबईतील प्रकाशकाचे काम फोनवर स्वीकारले. दर शब्दामागे होता की पानामागे, दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या, यावर वाद झाल्यास एकाचे म्हणणे दुसऱ्याविरुद्ध उभे राहते. अशा वेळी आगाऊ रकमेची बँकेतील नोंद, ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवरील संदेश उपयोगी पडतात. विसार देऊन सौदा पक्का करण्याची जुनी रीतही याच कामाची. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १०अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपामुळे करार अग्राह्य ठरत नाही. म्हणजे ‘लेखी’ करार हा मुद्रांकावरील दस्तच असावा लागतो असे नाही.

लेखी कराराला दुसरी बाजूही आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ९५ नुसार, अटी दस्तात नमूद झाल्यावर त्यांच्या विरोधात जाणारे तोंडी आश्वासन, काही अपवाद वगळता, पुराव्यात घेतले जात नाही. ‘कागदावर काही असू दे, आपण सांभाळून घेऊ’ या शब्दाला त्यामुळे फारशी किंमत उरत नाही.

थकबाकी

मुदत अधिनियम, १९६३ नुसार मोबदल्याच्या वसुलीचा दावा सामान्यतः तीन वर्षांत करावा लागतो. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसल्यास ही मुदत काम पूर्ण झाल्यापासून मोजतात. ‘पुढच्या महिन्यात देतो’ असे ग्राहकाने कितीदा तोंडी सांगितले तरी मुदत वाढत नाही. ती नव्याने सुरू होण्यासाठी कलम १८ प्रमाणे मुदत संपण्यापूर्वी देणे मान्य असल्याची सहीनिशी लेखी कबुली लागते.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु सेवा उपक्रमांना २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाचे संरक्षण मिळते. लेखी करार असला तरी देयकाची मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. करार नसल्यास ती काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांची असते. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते.

कॉपीराइट

येथे मात्र लेखाशिवाय चालत नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी नसल्यास ते वैध ठरत नाही. मुक्त लेखकाने मोबदला घेतला, एवढ्यावरून लेखाचा कॉपीराइट प्रकाशकाकडे जात नाही. हस्तांतरणाच्या दस्तात कालावधी नमूद नसल्यास तो पाच वर्षांचा, आणि क्षेत्र नमूद नसल्यास ते भारतापुरते मानले जाते. छायाचित्रकाराची स्थिती याच्या नेमकी उलट आहे: कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, ते काढून घेणारा ग्राहकच असतो.