पॉव, नॅन आणि स्टँडर्डचा दंडक

सी लँग्वेजमध्ये ‘मॅथ डॉट एच’ इन्क्लूड करायचं आणि पॉव, साइन, लॉग बिनधास्त वापरायचे, हे आपण फर्स्ट इयरपासून करतो. पण मित्रांनो, ही फंक्शन्सही कोणीतरी लिहिलेली असतात, आणि लिहिणाऱ्याच्या डोक्यावर सी-चं स्टँडर्ड बसलेलं असतं. मी हौसेनं स्वतःचं पॉव लिहायला घेतलं तेव्हा ते नीट वाचलं.

गंमत अशी की साइनचं उत्तर किती अचूक हवं, यावर स्टँडर्ड गप्प आहे. ते लायब्ररीवाल्यांवर सोडलंय. कारणही आहे. उत्तर दोन डबलच्या बरोब्बर मध्ये पडतंय असं वाटलं, तर कुठे राउंड करायचं हे ठरवायला आणखी किती आकडे काढावे लागतील ते आधी सांगता येत नाही. विल्यम कहान यांनी याला ‘टेबल बनवणाऱ्याची पंचाईत’ म्हटलं.

सगळा कटाक्ष आहे तो कोपऱ्यातल्या केसेसवर. १९९९ च्या स्टँडर्डचं (सी-९९) ‘ॲनेक्स एफ’ उघडा. पॉवला -१ आणि इन्फिनिटी दिली तर उत्तर काय? आपण म्हणू, कधी १ कधी -१, म्हणजे काहीच नाही. ॲनेक्स म्हणतं, १! कारण डबलमध्ये २ चा ५३ वा घात ओलांडला की फक्त सम पूर्णांकच उरतात. विषम तिथे मावतच नाही. आहे की नाही डोकं?

हायपॉटचंही तसंच. कर्ण काढायचा म्हणजे वर्गांची बेरीज करून वर्गमूळ, असं कोणीही लिहील. पण बाजू ३ गुणिले १० चा २०० वा घात आणि ४ गुणिले तेवढंच असल्या, तर वर्ग करतानाच ओव्हरफ्लो होतो. खरं उत्तर, ५ वालं, डबलमध्ये आरामात मावतं. म्हणून विनाकारण ओव्हरफ्लो होऊ द्यायचा नाही, अशी अटच आहे. आधी स्केल करा, मग वर्ग.

मला खटकतो तो नॅन. ‘नॉट अ नंबर’ एकदा आला की पुढे पसरत जावा, म्हणजे गडबड कळते. पण पॉवला नॅन आणि शून्य घातांक दिला की उत्तर १. युक्तिवाद असा की पायात काहीही असो, शून्याव्या घाताला १ च येणार. पॉलिनॉमियलच्या पहिल्या टर्मला हे सोयीचं आहे, कबूल. पण सेन्सरचं बिघडलेलं रीडिंग नॅन होऊन आलं आणि घातांक नेमका शून्य निघाला, तर रिपोर्टमध्ये चक्क १ छापलं जाणार आणि कोणाला पत्ता नाही! २००८ च्या आयट्रिपलई ७५४ मध्ये ‘पॉवआर’ नावाचं वेगळं फंक्शन आलं, ते नॅनला नॅनच ठेवतं. सी-२३ मध्ये तेही घेतलंय.

आता रूमवर करून बघा. पॉवला १ आणि नॅन द्या. सी-९९ प्रमाणे १ यायला हवं. मात्र नॅन कोडमध्ये लिहू नका, स्कॅनएफनं कीबोर्डवरून घ्या, नाहीतर कम्पायलरच परस्पर उत्तर भरून मोकळा होतो आणि लायब्ररीची परीक्षा होतच नाही. ‘फास्ट मॅथ’ ऑप्शनही बंद ठेवा. तो चालू असला की नॅन येणारच नाहीत असं कम्पायलर धरून चालतो.