साऱ्यावरील आणा आणि गांवची शाळा

गांवच्या शाळेचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाहीं. १८६३च्या सुमारास मुंबई इलाख्यांत जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागें एक आणा लोकल फंड बसविण्यांत आला, व त्यांतील दोन हिस्से रस्त्यांकडे आणि एक हिस्सा शाळांकडे, अशी वांटणी ठरली. शाळेचा आणा कुणब्यानें भरावयास लागून वीस वर्षें होत आलीं, तरी पुष्कळ खेड्यांना शाळेचें दर्शन झालें नव्हतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन सादर करतांना जोतीराव फुले यांनीं हेंच बोट दाखविलें. पैसा रयतेचा, आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणास, ही त्यांची तक्रार होती. इलाख्यांतील दहांपैकीं नऊ खेड्यांत शाळेची कांहींच सोय नाहीं, असें त्यांनीं लिहिलें. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचें करावें व शाळेंत शेतीचे धडे लहानशा नमुना-शेताच्या जोडीनें द्यावे, असेंहि सुचविलें. नमुना-शेताची ती सूचना आज कोणी नव्यानें मांडली तर तिचें कौतुक होईल.

ही हकीकत आम्ही मुंबईच्या अंगानें सांगणार आहों. कृषीच्या मासिकांत गिरगांव-परळाचें काय काम, असें कोणी विचारील. त्यास उत्तर सोपें आहे. लालबाग-परळच्या चाळी ज्यांनीं भरल्या ते रत्नागिरी, सातारा, पुणें, नगर या जिल्ह्यांतील शेतकरीच होते. एक भाऊ गिरणींत व दुसरा नांगरावर, अशी कुटुंबाची विभागणी असे. मुंबईच्या शाळेची गोष्ट ती आपल्याच पोरांची गोष्ट होय. शिवाय खेड्याच्या शाळेसाठीं वरिष्ठ कायदेमंडळाशीं जे भांडले, त्यांपैकीं कित्येकांची बैठक याच शहरांत होती.

त्यांत अग्रभागीं नांव गोपाळ कृष्ण गोखले यांचें. १८६६ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक येथें जन्मलेले गोखले पुणें म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष होते. स्थानिक संस्थेला शाळा चालवितांना पैशाची ओढाताण कशी होते, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. १९०५ सालीं त्यांनीं पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला व पुढें त्याची मुंबईची शाखा गिरगांवांत, त्या वेळच्या सँडहर्स्ट रोडवर राहिली. मुंबई कौन्सिलांतील बिनसरकारी सभासदांनीं त्यांना वरिष्ठ कायदे कौन्सिलांत निवडून दिलें होतें. तेथें १९१० च्या मार्चांत त्यांनीं मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला. सरकारनें विचार करण्याचें आश्वासन दिल्यावर तो परत घेतला. आणि पुढच्या वर्षीं, १६ मार्च १९११ रोजीं, ठराव नव्हे तर बिलच पुढें ठेविलें.

हें बिल शेतकऱ्यानें मुद्दाम समजून घ्यावें असें आहे. गोखल्यांनीं एकदम सर्व हिंदुस्थानावर सक्ती लादली नाहीं. ज्या हद्दींत ठराविक प्रमाणांत मुलें आधींच शाळेंत जात असतील (शेंकडा ३३ च्या आसपास हें प्रमाण त्यांच्या मनांत होतें), तेथेंच म्युनिसिपालिटीनें किंवा लोकल बोर्डानें, सरकारची मंजुरी घेऊन, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना सक्ती करावी. विलायतेंत १८७० च्या कायद्यानें ठिकठिकाणीं स्कूल बोर्डें निघालीं आणि सक्ती करावी कीं नाहीं हें प्रथम त्या बोर्डांच्या मर्जीवर सोडलें गेलें. सर्वत्र सक्ती १८८० सालीं आली. तोच धिमा मार्ग गोखल्यांनीं धरला. महिना दहा रुपयांहून कमी प्राप्ति असणाऱ्या पालकास फी माफ. एक मैलाच्या आंत शाळा नसेल तर सक्ती नाहीं. आणि मूल शाळेंत न येण्याच्या रास्त कारणांत दुखणें, घरची अडचण यांबरोबर शेतीच्या हंगामाची निकड हेंहि कारण धरलेलें होतें. ज्यानें पेरणीच्या दिवसांत औताला पोर धरलें आहे, त्याला या एका कलमांतच बिल लिहिणाऱ्याची जाण दिसून येईल.

खरा वाद पैशाचा. वाढणाऱ्या खर्चापैकीं एक तृतीयांश स्थानिक संस्थेनें व दोन तृतीयांश सरकारनें द्यावा, अशी गोखल्यांची मांडणी होती. शिक्षणखात्याचे सभासद सर हारकोर्ट बटलर यांचें म्हणणें, पैसा नाहीं, शिक्षक नाहींत, लोकांचीहि मागणी नाहीं. बड्या जमीनदारांपैकीं कित्येकांना भय निराळेंच. कुळाचें पोर शिकलें तर गुरें कोण राखणार? हा आक्षेप अगदींच पोकळ होता असें आम्ही म्हणणार नाहीं. गुराख्याच्या कामाचा मोबदला गरीब घरांत खरोखर हिशेबांत धरला जातो. परंतु हें भय जो बोलून दाखवीत होता त्याच्या घरचें पोर गुरांमागें नव्हतें, एवढें खरें. उलट बाजूस राष्ट्रीय सभा व मुस्लिम लीग या दोहोंनीं बिलास पाठिंबा दिला होता. कलकत्त्यास मार्च १९१२ मध्यें दोन दिवस वाद चालला. बिल निवड समितीकडे पाठवावें इतकीच मागणी होती. तिला तेरा मतें पडलीं आणि विरुद्ध अडतीस. सरकारी सभासदांचें बळ असतां निराळें कांहीं होणें नव्हतें, व गोखल्यांसहि त्याची कल्पना होती.

ज्या वेळीं कलकत्त्यास हा निकाल लागला त्या वेळीं देशी संस्थानांत दाखला हजर होता. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालीं अमरेली भागांत प्रयोग करून १९०६ सालीं सर्व राज्यांत सक्ती केली होती; कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९१७ सालीं ती आणली. खालसा मुलखाचें दार मात्र विठ्ठलभाई पटेल यांनीं, मुंबई कायदे कौन्सिलांतून, १९१८ सालीं किलकिलें केलें. त्यांचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानांतील सक्तीच्या शिक्षणाचा पहिला कायदा. पण त्यांत दोन उणिवा होत्या. तो जिल्ह्यांतील म्युनिसिपालिट्यांपुरता होता, खेडीं वगळलेलीं. आणि सरकारवर पैशाचें बंधन नव्हतें. विठ्ठलभाई स्वतः करमसदच्या शेतकरी घराण्यांतले, तरी खेड्याला वांटा मिळाला नाहीं. मंजूर होईल तेवढें पदरांत पाडून घ्यावें, हा त्यांचा हिशेब असावा.

मुंबई शहराची तऱ्हा वेगळी होती. १८८८ च्या कायद्यानें प्राथमिक शाळा चालविणें हें म्युनिसिपल कॉर्पोरेशनचें कर्तव्य ठरलें. पुढें १९०७ सालीं सरकार व कॉर्पोरेशन यांत अदलाबदल झाली. पोलिसांचा खर्च सरकारनें घेतला आणि शाळा-दवाखान्यांचा भार कॉर्पोरेशनकडे आला. अशा सौद्यांत आज कोणाचें ओझें हलकें झालें याहून पुढें कोणाचें वाढत जाणार, हें पाहावें लागतें. शाळांचा खर्च कधींहि थांबत नाहीं. १९२० च्या स्वतंत्र कायद्यानें शहरास सक्तीचा अधिकार मिळाला व १९२५ सालीं एफ व जी या दोन वॉर्डांत, म्हणजे परळ-दादर-वरळीच्या कामगार वस्तींत, ती सुरू झाली.

शाळेची सक्ती एकटी टिकत नसे, कारण गिरणीचें दार उघडें होतें. १८९१ च्या कायद्याप्रमाणें नऊ वर्षांचें पोर गिरणींत घेतां येई. येथें नारायण मल्हार जोशी यांचें काम आठवावें लागतें. हे भारत सेवक समाजाचे सभासद. १९११ सालीं त्यांनीं सोशल सर्व्हिस लीग काढली व कामगार वस्तींत रात्रीच्या शाळा आणि वाचनालयें चालविलीं. १९१९ सालीं वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस ते कामगारांचे प्रतिनिधि म्हणून गेले, व १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळांत बसले. १९२२ च्या सुधारणेनें गिरणींतील मुलाचें किमान वय बारा झालें. परळची रात्रशाळा आणि दिल्लीचें कायदेमंडळ यांमध्यें एकाच माणसाचा राबता असला म्हणजे काय साधतें, त्याचें हें उदाहरण.

खेड्यांची पाळी १९२३ सालीं आली. शिक्षणमंत्री रँग्लर परांजपे यांच्या काळच्या कायद्यानें स्कूल बोर्डें झालीं, व सक्तीच्या योजनेच्या वाढीव खर्चापैकीं म्युनिसिपालिट्यांस निम्मा, तर जिल्हा लोकल बोर्डांस दोन तृतीयांश सरकारनें द्यावयाचा ठरला. कलकत्त्यास हरलेला आंकडा अकरा वर्षांनीं मुंबईस मान्य झाला तो असा. परंतु लवकरच पैशाची टंचाई आली, बोर्डांनीं पाठविलेल्या योजना कचेरींत पडून राहिल्या. त्यांतच १९२९ सालीं हार्टोग समितीनें सल्ला दिला कीं नव्या शाळा काढण्यापेक्षां आहेत त्या सुधाराव्या, लहान शाळा एकत्र कराव्या. याला ज्यांनीं आंकड्यांनिशीं उत्तर दिलें त्यांत मुंबईच्या स्कूल्स कमिटीचा अनुभव पदरीं असलेले रा. वि. परुळेकर होते. एका शिक्षकानें दोन पाळ्यांत शिकवावें, पण मूल शाळेबाहेर ठेवूं नये, असें त्यांचें मत. दोन पाळ्यांनीं शिक्षक थकतो हें आम्हांस कळतें. तरी वाडीवरची शाळा बंद करून तिचा पैसा गांवच्या शाळेस देण्यापेक्षां तें बरें, असेंच आम्हांस वाटतें.

कारण तोच वाद पुन्हा आपल्या दारीं आला आहे. २०२३ सालीं महाराष्ट्रांत वीसहून कमी पटाच्या शाळा मिळून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागविण्यांत आले. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या नियमांप्रमाणें पहिली ते पांचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत हवी. गोखल्यांचा तो मैल येथें थोडा आंखूड झाला, इतकेंच. त्याच कायद्यानें पैशाची जबाबदारी केंद्र व राज्य या दोघांवर टाकली, आणि २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेंत महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठीं केंद्राचे साठ व राज्याचे चाळीस अशी वांटणी आहे.

तेव्हां आमच्या सभासदांनीं आमदार-खासदारांकडे जातांना हात हालवीत जाऊं नये. कायद्याच्या २१ व्या कलमान्वयें प्रत्येक सरकारी शाळेंत व्यवस्थापन समिति असते व तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. २२ व्या कलमाप्रमाणें या समितीनें शाळेचा विकास आराखडा करावयाचा, आणि अनुदानाचा आधार तोच धरावयाचा आहे. किती गांवांत हा आराखडा पालकांनीं बसून केला व किती ठिकाणीं मुख्याध्यापकांनीं एकट्यांनीं भरून सह्या घेतल्या, याची चौकशी आम्हीं आरंभिली आहे. ज्या सभासदांच्या वाडीवरची शाळा समूहांत जाण्याच्या यादींत आहे, त्यांनीं पट, शाळेपासून घरापर्यंतचें अंतर व वाटेंतील ओढे-नाले यांची नोंद आराखड्याच्या प्रतीसह आमच्याकडे पाठवावी.