ऑगस्ट क्रांती मैदानातील दुसरी हाक

१६ ऑगस्ट २००८ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबईच्या ऑगस्ट क्रांती मैदानातून समलिंगी व तृतीयपंथी नागरिकांचा मोर्चा गिरगाव चौपाटीकडे निघाला. १९४२ साली ज्या मैदानातून इंग्रजांना ‘चले जाव’ बजावण्यात आले, तेच या मंडळींनी निवडावे यात औचित्य होते. इंग्रज गेले, त्यांनी १८६० साली दंडसंहितेत घातलेले ३७७ वे कलम मात्र मागे राहिले होते.

‘क्वीअर आझादी मुंबई’ या नावाखाली काही संस्था व स्वयंसेवक एकत्र आले. वर्गणी जमविणे, फलक रंगविणे, पोलीस परवान्यासाठी खेटे घालणे, ही सारी कामे नोकरी-शिक्षण सांभाळून करावयाची. (सार्वजनिक गणेशोत्सवात राबलेल्यांना हे निराळे सांगावयास नको!) दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये काढून घेतला, तरी फेब्रुवारी २०१४ मध्ये मोर्चा निघालाच.

खरा विरोधाभास पुढेच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार असताना जे रस्त्यावरून चालू शकले, त्यांनाच निर्दोष ठरल्यावर, २०२० साली, मोर्चाची परवानगी नाकारण्यात आली. नागरिकत्व कायद्याविरुद्ध तेथे घोषणा होतील, ही पोलिसांची धास्ती. आझाद मैदानात केवळ सभा झाली आणि तेथील एका घोषणेवरून राजद्रोहाचा गुन्हा नोंदला गेला. एका घोषणेच्या भयाने शेकडोंची वाट अडविणे समर्थनीय म्हणता येणार नाही.

जानेवारी २०२३ मध्ये मोर्चा पुन्हा त्याच मैदानातून निघाला.