अधूनमधून बंद पडणारा संगणक
लेखमाला : जुन्या संगणकाची निगा – भाग ६

गेल्या आठवड्यात आपण मुळीच सुरू न होणाऱ्या संगणकाचा विचार केला. तो दोष निदान सतत समोर तरी असतो. आजचा दोष त्याहून छळणारा आहे. संगणक चार दिवस बिनतक्रार चालतो आणि पाचव्या दिवशी जीएसटीचं विवरण भरताना खटकन बंद होतो. दुकानात नेला, तर तिथे दिवसभर सुरळीत चालतो. मग कुणी ‘फॉरमॅट मारून बघू’ म्हणतं, कुणी रॅम बदलतं, कुणी नवाच घ्यायला सांगतं. दोन-तीन वेळा असे पैसे गेले की चांगला चालू शकणारा संगणक भंगारात जातो.

हे टाळता येतं. अधूनमधून येणारा दोष लहरी वाटला, तरी त्याला ठरावीक परिस्थिती लागते : विशिष्ट तापमान, विशिष्ट लोड, नाहीतर डिस्कचा किंवा रॅमचा विशिष्ट भाग. ती परिस्थिती सापडली की निम्मी दुरुस्ती झाली.

आधी बॅकअप, मग वही

पहिलं काम : महत्त्वाच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. डिस्कच आजारी असेल, तर पुढच्या तपासण्यांचा ताण तिला झेपेलच असं नाही.

दुसरं काम : संगणकाशेजारी एक वही ठेवा. बंद पडल्याची वेळ, संगणक किती वेळ चालू होता, काय काम चाललं होतं, पडद्यावर काय दिसलं आणि त्या सुमारास दिवे मंद झाले का, फ्रिज किंवा पंप सुरू झाला का, एवढं लिहा. विंडोजही स्वतःची नोंद ठेवत असतं. सर्चमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की तारीखवार तक्ता उघडतो. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद बहुतेकांना सापडते आणि एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) गेला असा निष्कर्ष निघतो. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. कारण तिच्यात नसतं.

बंद पडण्याच्या तीन तऱ्हा

कोणतीही सूचना न देता, दिवा विझावा तसा संगणक बंद झाला किंवा आपोआप रीस्टार्ट झाला, तर संशय वीजपुरवठ्यावर, एसएमपीएसवर, मदरबोर्डवर आणि उष्णतेवर.

निळा पडदा आला, तर त्यावरचा कोड उतरवून घ्या. पडदा झटकन जात असेल, तर ‘सिस्टिम प्रॉपर्टीज’मधल्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’त जाऊन आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढा. दर वेळी तोच कोड आणि तीच फाईल दिसत असेल, तर बहुधा एखादा ड्रायव्हर बिघडलेला असतो. दर वेळी नवा कोड दिसत असेल, तर रॅम आणि वीज आधी तपासा.

तिसरी तऱ्हा हँग होण्याची. माउस अडकतो, डिस्कचा दिवा पेटलेलाच राहतो आणि मिनिटभराने सगळं पुन्हा चालू लागतं. इथे डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती पाहा. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर ती दाखवतं. हार्ड डिस्क असेल, तर ५ आणि १९७ क्रमांकांच्या ओळींत आकडे वाढत असल्यास तिचे सेक्टर खराब होत आहेत. पण वाढ फक्त १९९ व्या ओळीत असेल, तर डिस्क बदलण्याआधी साटा केबल बदला. हा दोष बहुतेक वेळा केबलचा किंवा तिच्या सैल जोडणीचा असतो.

सकाळी की दुपारी?

वहीतल्या वेळांना इथे किंमत येते. काम वाढल्यावर, भर दुपारी किंवा मे महिन्यात त्रास वाढत असेल, तर उष्णता पाहा. प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तरच बंद होतो. म्हणून या दोषात सहसा आधी संथपणा जाणवतो. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो. प्लग काढून तो ब्रशने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. दहा वर्षांची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते, ती पुसून नवी लावा.

याउलट संगणक सकाळी पहिल्या काही मिनिटांत दोन-तीनदा पडतो आणि एकदा तापला की दिवसभर चालतो, असं असेल तर कपॅसिटर पाहा. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आसपास छोटे उभे दंडगोल असतात. त्यांच्या डोक्यावर फुली किंवा ‘के’ अक्षरासारखी खाच असते. डोकं सपाट असायला हवं. ते किंचित फुगलं असेल, खाचेशी तपकिरी चिकट डाग असेल किंवा कपॅसिटर बुडाशी तिरका उचलला गेला असेल, तर तो कामातून गेला आहे. आतला द्रव सुकत गेला की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, आणि थंड असताना तो सर्वांत जास्त असतो. म्हणून सकाळचा त्रास. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष कपॅसिटर जगभरच्या असंख्य मदरबोर्डांवर बसवले गेले, त्यामुळे त्या पिढीच्या संगणकात ही जागा आधी पाहावी. बोर्डवरचे कपॅसिटर चांगला कारागीर बदलून देतो. एसएमपीएस मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक विद्युतभार उरतो.

एसएमपीएस तपासायला मल्टिमीटर पुरे. मोकळ्या मोलेक्स कनेक्टरमध्ये पिवळ्या आणि काळ्या वायरीत ११.४ ते १२.६ व्होल्ट, तर लाल आणि काळ्या वायरीत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असायला हवेत. हे मोजमाप संगणकावर जड काम चालू असताना घ्या. रिकाम्या संगणकावर थकलेला एसएमपीएसही आकडे बरोबर दाखवतो. आकडे ठीक येऊनही संशय उरला, तर खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहणं उत्तम.

एका वेळी एकच बदल

रॅमसाठी ‘मेमटेस्ट८६+’ पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एक चूक निघाली तरी ती चूकच; ‘थोडीशी खराब’ रॅम नसते. मग एकेक स्टिक वेगळी तपासा आणि स्लॉट बदला. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक खराब, त्याच स्लॉटमध्ये राहिली तर स्लॉट. दमट हवेत संपर्कपट्ट्या मळतात, त्यामुळे पुष्कळदा स्टिक काढून, पट्ट्या पुसून पुन्हा नीट बसवल्यावरच दोष जातो.

पण स्टिक काढली, धूळ झाडली आणि ड्रायव्हरही बदलला, हे सगळं एकाच दुपारी केलं, तर दोष कशाने गेला ते कधीच कळणार नाही. तो परत आला की पहिल्यापासून सुरुवात. म्हणून एक बदल करा, तारीख घालून लिहा आणि थांबा. किती थांबायचं याचं साधं गणित आहे : संगणक सरासरी जितक्या दिवसांनी बंद पडत होता त्याच्या तिप्पट. तीन दिवसांनी पडणारा संगणक नऊ दिवस न पडता चालला, तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता सुमारे ५ टक्के उरते. एक दिवस नीट चालल्याने काहीच सिद्ध होत नाही, आणि दुकानातल्या तपासणीत दोष सापडत नाही तो याच कारणाने.

शेवटी दुकानात जावं लागलंच, तर वहीचं पान सोबत न्या. ‘मधेच बंद पडतो’ एवढ्यावर कारागीरही अंदाजच बांधणार. ‘सकाळी सुरू केल्यावर दहा मिनिटांच्या आत, निळ्या पडद्याशिवाय, रॅम रात्रभर तपासली, ठीक आहे’ असं सांगितलंत, तर तो थेट योग्य जागी हात घालेल. तुमचे पैसे आणि त्याचा वेळ, दोन्ही वाचतील.

पुढील भागात : १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ न चालणाऱ्या, पण धडधाकट असलेल्या संगणकावर लिनक्स कसं बसवायचं, ते पाहू.