एक सम्प, बारा टाक्या

समुद्री मासा टाकीत पैदास करत नाही, हा गैरसमज आता मागे पडला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलं आहे, आणि हौशी लोकही घरी पिल्लं वाढवतात. नवे गैरसमज सुरू होतात ते पैदाशीच्या जोड्या वाढल्यावर. दर टाकीचा फिल्टर वेगळा धुण्याचा कंटाळा येतो आणि सगळ्या टाक्यांखाली एकच सम्प, म्हणजे सामायिक फिल्टरची टाकी, बसवायचं ठरतं.

पाणी जास्त म्हणजे काळजी कमी, ही समजूत अर्धी खरी आहे. शंभर लिटरच्या बारा टाक्या आणि अर्धा भरलेला दोनशेचा सम्प धरला तर १३०० लिटर पाणी होतं. रात्री एखादा मासा मेला तरी त्याचा अमोनिया एवढ्या पाण्यात पांगतो. समुद्री टाकीत याला फार मोल आहे, कारण सामू ८.२ च्या आसपास असतो आणि तिथे अमोनियाचा विषारी अंश सामू ७ च्या पाण्यापेक्षा दहापटीहून जास्त भरतो. पण अमोनिया पचवणारे जिवाणू पाण्यात नव्हे, फिल्टरमधल्या बायोमीडियावर चिकटून राहतात, आणि जेवढं अन्न मिळेल तेवढेच वाढतात. एकदम दोन-तीनशे पिल्लं सोडली तर १३०० लिटर पाणी थोडी सवड देतं, इतकंच.

यूव्ही दिवा आहे, आता रोग पसरणार नाही, ही समजूत मात्र मासे मारते. क्रिप्टोकॅरिऑन किंवा अमायलूडिनियमसारखा परजीवी माशाच्या कल्ल्यांत आणि कातडीत बसलेला असतो, तिथे दिव्याचा काही उपयोग नाही. मरतात ते पाण्यात पोहणारे आणि दिव्यासमोरून जाणारे जीव. बरेच जण दिवा सम्पमध्येच एका छोट्या पंपावर फिरवतात. मग सम्पमधलं बरंचसं पाणी दिवा न पाहताच वर चढतं. दिवा पाणी वर टाक्यांत नेणाऱ्या मुख्य रिटर्न लाइनवर हवा, आणि पंपाचा वेग त्याला झेपेल एवढाच. एका टाकीचं पाणी दुसरीत उतरवण्याची रचनाही टाळावी. प्रत्येक टाकीचं पाणी थेट सम्पमध्ये पडलं पाहिजे.

एवढं करूनही ओली जाळी आणि ओले हात रोग नेतातच. म्हणून नवी जोडी चार ते सहा आठवडे या पाण्यापासून लांब, स्वतःची जाळी आणि स्वतःची बादली असलेल्या टाकीत. औषधही तिथेच द्यावं. तांब्याचं औषध सामायिक पाण्यात गेलं की कोळंबी आणि शंख मरतात, प्रवाळाचे दगड तांबं शोषून बसतात.

पिल्लांनाही पहिले दोन आठवडे हे पाणी जोडू नये. अंडी साधारण आठवडाभराने, अंधार पडल्यावर फुटतात. बाहेर येणारं पिल्लू काही मिलिमीटरचं. ते प्रवाहाबरोबर ओव्हरफ्लोकडे ओढलं जातं आणि त्याचं अन्न, म्हणजे रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव, सम्पमध्ये वाहून जातं. सामायिक पाण्यानेच भरलेली वेगळी टाकी, हलकीशी हवा, एवढं पुरे. अंगावर पांढरे पट्टे उमटून पिल्लं टाकीच्या तळाशी, कडेला राहू लागली की मग लाइन जोडावी.

लोडशेडिंगचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. वीज जाऊन पंप थांबला की वरच्या टाक्यांतलं पाणी रिटर्न पाइपमधून उलटं सम्पमध्ये उतरतं. ‘चेक व्हॉल्व्ह बसवलाय ना!’ पण उलटा प्रवाह अडवणाऱ्या त्या व्हॉल्व्हमध्ये चुन्याचा थर बसतो, शेवाळ अडकतं, आणि नेमका हवा तेव्हा तो बंद होत नाही. ६० बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीत पातळी तीन सेंटिमीटर उतरली तर आठ लिटर पाणी खाली येतं. बारा टाक्यांचं ९७ लिटर. म्हणून दोनशेचा सम्प निम्म्यापेक्षा जास्त भरायचा नाही. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली एक भोक पाडावं, म्हणजे हवा आत शिरून उलटा प्रवाह तुटतो. ते भोक अधूनमधून टोकरून साफ करावं लागतं. मासे सोडण्याआधी मेन स्विच बंद करून सम्प कुठवर भरतो ते बघा, आणि चालू स्थितीतल्या पातळीवर मार्करने रेघ मारा.

त्या रेघेखाली पाणी गेलं तर मिठाचं पाणी ओतू नये. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं. वरच्या टाक्यांची पातळी ओव्हरफ्लोमुळे हलत नाही, सगळी घट सम्पमध्येच दिसते. ती साध्या आरओच्या पाण्याने रोज भरून काढायची.