उशिरा उघडकीस येणारा श्वासपटलाचा हर्निया

सिंगापूरमध्ये गरोदरपणी २०व्या आठवड्याच्या आसपास बाळातले व्यंग तपासणारी सोनोग्राफी नेमाने होते; केके महिला व बाल रुग्णालयात नवजातांच्या शस्त्रक्रियेची सोयही आहे. म्हणून जन्मजात दोष निसटणारच नाही, असे मानणे धोक्याचे. छाती आणि पोट वेगळे करणाऱ्या श्वासपटलाला जन्मतः छिद्र असले, तरी यकृत किंवा प्लीहा ते झाकून ठेवू शकते. आतडी कित्येक वर्षांनी वर सरकतात. मग जेवल्यावर दम लागतो, उलट्या होतात, खोकला हटत नाही.

एक्स-रेत दिसणारी आतड्यातली हवा फुप्फुसाभोवतीची समजून छातीत नळी घातली, तर आतडेच फाटू शकते. शंका येताच नाकावाटे जठरात नळी घालून पुन्हा एक्स-रे काढावा; नळी छातीत वळलेली दिसली, तर उलगडा होतो. सीटी स्कॅनने खात्री पटते.

त्रास नसताना शस्त्रक्रिया कशाला, हा प्रश्न रास्त आहे. वृद्ध, आजारी रुग्णात जोखीम तोलावीच लागते. पण अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्यावर घाईने करावी लागणारी शस्त्रक्रिया कितीतरी घातक; ठरवून, अनेकदा दुर्बिणीतून, छिद्र टाक्यांनी वा जाळीने बुजवणे सुरक्षित. उपचार करूनही दम आणि उलट्या परतत असतील, तर छातीचा एक्स-रे पुन्हा तपासून घ्या.